कोयनेच्या बेसाल्टखाली काय आहे?

महाराष्ट्राची जमीन साडेसहा कोटी वर्षांची, असं म्हणतात. ते वय बेसाल्टचं, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या खडकाचं आहे. हा काळा दगड म्हणजे नंतर पसरलेली गोधडी. खालची जमीन कितीतरी जुनी आहे.

कोयना परिसरात भूकंपांच्या अभ्यासासाठी खोल विंधनविवरं घेतली. त्यांपैकी एक ३ किलोमीटरपर्यंत गेलं. सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट संपल्यावर ग्रॅनाइट आणि पट्टिताश्म म्हणजे नाइस (पट्टे असलेला रूपांतरित खडक) लागला. तिथल्या झिरकॉन या खनिजाच्या स्फटिकांचं वय निघालं सुमारे २७० कोटी वर्षं!

झिरकॉनच का? तर हा स्फटिक तयार होताना युरेनियम आत घेतो, शिसं मात्र जवळजवळ घेतच नाही. म्हणजे आज त्यात सापडणारं बहुतेक शिसं युरेनियमच्या क्षयातूनच आलेलं. शिवाय युरेनियमची दोन समस्थानिकं, म्हणजे वेगळ्या वस्तुमानाचे त्याचेच दोन प्रकार, वेगवेगळ्या गतीनं क्षय पावतात (अर्धायुष्यं, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ४४७ कोटी आणि ७० कोटी वर्षं), त्यामुळे एकाच कणात दोन घड्याळं मिळतात. दोन्ही जुळली तर वयावर भरवसा ठेवता येतो. नंतर खडक पुन्हा तापला असेल तर कणाभोवती नवी कडा वाढते, तिचं वय वेगळं काढता येतं. मला हे फार विलक्षण वाटतं, डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या कणात दोन-दोन घटनांची नोंद!

हे वय कर्नाटकातल्या धारवाड क्रेटॉनच्या (क्रेटॉन म्हणजे खंडाचा अतिप्राचीन, स्थिर गाभा) खडकांशी जुळतं. म्हणजे ते प्राचीन भूखंड बेसाल्टच्या कडेशी थांबत नाही, खालून कोयनेपर्यंत येतं. किल्लारीलाही १९९३ च्या भूकंपानंतर विवर घेतलं, तिथे बेसाल्ट जेमतेम ३३८ मीटर जाड निघाला.