सोमवार ते शनिवार : गावाकडचे विश्वासाचे अनुभव

नाताळ जवळ आला. रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, लोक आपले विश्वासाचे अनुभव सांगतात, त्या साक्षी आपण ऐकतोच. शेतात, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर बायबलमधलं एखादं वचन अचानक उमगलं असेल, तर तो प्रसंग लिहा. उपदेश नको, घडलं तेवढं सांगा. सुरुवात मीच करते.

आम्ही दारव्ह्याकडचे. आई कापूस वेचायला जायची, सुट्टीत मीही. मजुरी किलोवर. कमरेला ओटी बांधायची आणि झाडांची एकेक ओळ धरून पुढे सरकायचं. वाळलेल्या बोंडाची टोकं नखाच्या मुळाशी टोचून रक्त यायचं. आमच्यात एक म्हातारी होती, तिच्या बोटांत बोंड धरवत नसे. बाकीच्या बायांचा ४० किलो भरायचा, तिचा १२-१५. वजनाचा काटा लागायच्या आधी आई आपल्या ओटीतला कापूस मुकाट्यानं तिच्या गाठोड्यात दाबायची. त्यात मी वेचलेलाही असायचा, म्हणून मी चिडले. आई म्हणाली, "तिचे हात थकले, पोट थोडीच थकलं व?"

पुढे संडे स्कूलमध्ये बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २० वा अध्याय शिकवायची वेळ आली. द्राक्षमळ्याचा धनी संध्याकाळी पाच वाजता आलेल्यांनाही पूर्ण दिवसाची मजुरी देतो. एक मुलगा म्हणाला, "हा तर सकाळपासून राबणाऱ्यांवर अन्याय आहे." मी त्याला आईची ओटी सांगितली. सांगताना ध्यानात आलं की धन्यानं आपल्या मिळकतीतून दिलं. आईला तर मळाच नव्हता, तिनं मजुरीतून दिलं. मला तेच जास्त मोठं वाटतं. इतरांनी लिहिलेले प्रसंग पुढे, त्यांच्या गावाच्या नावानं.

सालेकसा
गोंदियाहून राजनांदगावकडे जाणाऱ्या गाडीनं माझं नेहमीचं येणं-जाणं. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले होते, तेव्हा डब्यातल्या एका गोऱ्या प्रवाशानं त्यांच्या हाती बायबलचा नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आम्ही त्यांची पदं गात मोठे झालो, ती या एका प्रवासामुळे! दरेकसाचा बोगदा लागला की मी शेजारी बसलेल्यासाठी मनात प्रार्थना करतो. नाव विचारत नाही.

परतवाडा
मी नर्स. धारणीला जाताना सेमाडोहच्या पुढे बस बंद पडली, वरून पाऊस. एका कोरकू घरानं आम्हा चौघींना आत घेतलं, कुटकी या भरडधान्याचा भात वाढला. मी डोळे मिटून आभार मानले. उघडून पाहते तर घरधनीण हात आवरून थांबलेली. माझं झाल्यावरच तिनं पहिला घास घेतला.

वणीजवळचं एक गाव
लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. कर्जापायी बाबांनी जीव दिला. येणारा जाणारा काही ना काही समजावत होता. कुणी "देवाची मर्जी" म्हणालं, ते मला आजही सहन होत नाही. आमच्या चर्चचे पाळक (धर्मगुरू) आले ते एक शब्द बोलले नाहीत. ओसरीत जमिनीवर बसले, रात्रभर. बायबलमध्ये दुःखात बुडालेल्या ईयोबाचे मित्रही आधी सात दिवस, सात रात्री असेच गप्प बसले होते, हे मी खूप नंतर वाचलं. उजाडलं तेव्हा कुणाला भान नव्हतं, पण गोठ्यात बैल तहानेनं हंबरत होते. पाळक उठले, त्यांनी दावी सोडली आणि बैलांना पाण्यावर घेऊन गेले.