लंडनच्या पोर्ट्रेट गॅलरीत इतकं कच्चं चित्र कसं काय?

भटका_पुणेकर:
मुलीकडे आलोय लंडनला, काल नॅशनल पोर्ट्रेट गॅलरी बघून आलो, ट्रॅफल्गर स्क्वेअरच्या बाजूलाच आहे आणि तिकीट नाही (पुणेकराला अजून काय पाहिजे). तिथे ब्राँटे बहिणींचं (एकोणिसाव्या शतकातल्या तीन इंग्रज लेखिका, शार्लट, एमिली, ॲन) एक चित्र आहे, कॅनव्हासवर चक्क घड्या पडल्यात, चेहरे ठोकळ्यासारखे, आमच्या ड्रॉइंगच्या सरांनी एलिमेंटरीला सी ग्रेड पण दिली नसती. मग राष्ट्रीय संग्रहात घेतलंच कसं? वशिला?

रंगपेटी:
काका, तिथे चित्रात कोण आहे ते आधी बघतात, काढलं कुणी आणि कसं ते नंतर. 1856 ला गॅलरी निघाली तेव्हापासून हेच. त्यांच्या यादीत नंबर 1 ला शेक्सपिअर आहे, ते चित्र बहुतेक जॉन टेलर नावाच्या माणसाचं आणि त्यात शेक्सपिअरच आहे याचाही पक्का पुरावा नाही 😄 आणि हयात माणसाला 1969 पर्यंत तिथे जागाच नव्हती, राजा-राणी सोडून.

खिडकीतली_मांजर:
अहो ते चित्र भावाने काढलंय! ब्रॅनवेल, तेव्हा सतराच्या आसपासचा पोरगा. मधे जो खांब आहे ना तिथे आधी तो स्वतःच होता, मग पुसून वर खांब रंगवला, आता रंग पातळ होऊन त्याची आकृती पुन्हा दिसायला लागलीये. आणि घड्यांचं म्हणाल तर शार्लटच्या नवऱ्याच्या घरी कपाटावर घडी घालून पडलेलं होतं ते, 1914 ला सापडलं. तिघी एकत्र असलेलं दुसरं चित्र दाखवा बरं मला कुणी, मला तर ते रेनॉल्ड्स या जुन्या इंग्रज चित्रकाराने काढलेल्या ‘माई’ नावाच्या पॉलिनेशियन माणसाच्या चित्रापेक्षा जास्त आवडतं, जे गॅलरीने 2023 ला लॉस एंजेलिसच्या गेटी म्युझियमबरोबर भागीदारीत 5 कोटी पौंडांना घेतलं, आता आळीपाळीने इकडे तिकडे.

जेजे_पासआऊट:
आपल्याकडे उलटं. दिल्लीच्या एनजीएमएत (आधुनिक कलेची राष्ट्रीय गॅलरी) चित्रकार पेस्तनजी बोमनजींचं पोपटाला खाऊ घालणाऱ्या बाईचं चित्र आहे, आपण जातो ते पेस्तनजींसाठी, बाई कोण कुणाला पडलीये? नुसती पोर्ट्रेटची अशी राष्ट्रीय गॅलरी आपल्याकडे असती तर आबालाल, धुरंधर, हळदणकर असे आपले जुने चित्रकार सगळे एका छताखाली बघायला मिळाले असते, अर्थात मग पुढाऱ्यांच्या तसबिरींनीच भिंती भरल्या असत्या हेही खरंच.

भटका_पुणेकर:
खांब लक्षातच आला नाही राव!! शुक्रवारी परत जातो, फुकटच आहे.