मॅग्नेटार खरे तर श्वेतबटू असतील का? सोमवारपर्यंत मदत हवी आहे

अर्धवटराव_एमएस्सी: सोमवारी मॅग्नेटारवर (अतितीव्र चुंबकक्षेत्राचे, क्ष-किरण फेकणारे तारे) सेमिनार आहे. स्पिन-डाउनवरून (फिरणं मंदावण्यावरून) ऊर्जा काढली तर क्ष-किरणांच्या तेजापेक्षा शेकडो पटींनी कमी येते. न्यूट्रॉन ताऱ्याऐवजी (स्फोटानंतर उरलेला अतिघन गाभा) श्वेतबटू (विझत चाललेल्या ताऱ्याचा पृथ्वीएवढा गाभा) धरला की पुरून उरते. मग सगळे न्यूट्रॉन ताराच का धरून बसलेत? 'गूगल कर' सांगू नका.

सुतारपक्षी: कुठला तारा? आवर्तकाळ? मोमेंट ऑफ इनर्शिया (फिरण्यातलं जडत्व) किती धरलास?

अर्धवटराव_एमएस्सी: १ई २२५९+५८६ नावाचा मॅग्नेटार. ६.९८ सेकंद. बाकी नेहमीचंच.

सुतारपक्षी: नेहमीचं म्हणजे १० चा ४५ वा घात ना? श्वेतबटूचा ५० वा. लाखपट ऊर्जा तिथूनच येते. चुंबकक्षेत्रही १० च्या ९ व्या घाताच्या आसपास गाऊस (चुंबकक्षेत्राचं एकक) पुरतं, आणि तेवढं श्वेतबटूंत दिसलेलं आहे. खगोलशास्त्रज्ञ पाचिन्स्कींनी १९९० मध्ये याच ताऱ्यासाठी हे मांडलं: दोन श्वेतबटू एकत्र येऊन झालेला एक. २०१२ मध्ये मालेइरो, रुएडा, रुफिनी यांनी ते सगळ्याच मॅग्नेटारांना लावलं. मला पटतं.

तिरपागडा: मला अजिबात नाही. ऊर्जा फिरण्यातूनच यावी हा हट्ट कशाला? मॅग्नेटारात ती चुंबकक्षेत्र विरण्यातून येते. शिवाय हा तारा सीटीबी १०९ या सुपरनोव्हाच्या (ताऱ्याच्या स्फोटाच्या) अवशेषात बसलाय, आणि अशा स्फोटातून न्यूट्रॉन तारा जन्मतो; मग हा तिथे काय भाड्याने राहतोय? आणि एसजीआर १८०६-२० या मॅग्नेटारचा २७ डिसेंबर २००४ चा उद्रेक मिलिसेकंदाच्या आसपास चढला. तेवढ्यात प्रकाश जातो ३०० किमी, म्हणजे उगम त्याहून मोठा नाही. श्वेतबटू हजारो किमीचा.

सुतारपक्षी: उद्रेक पृष्ठभागाच्या एका तुकड्यावर होऊ शकतो की. त्यावरून अख्ख्या ताऱ्याचं माप कसं काढता?

तिरपागडा: बरं, स्विफ्ट जे१८१८.०-१६०७ हा मॅग्नेटार घ्या. १.३६ सेकंदाला एक फेरी. एवढ्या वेगात श्वेतबटू फुटायच्या बेतात येईल.

गच्चीवरचा: श्वेतबटू बघायचाच असेल तर व्याधाच्या जोडीदारामागे लागू नका, चकाकीत हरवतो. ४० एरिडानी बी बघा, सहा इंची दुर्बिणीतही सापडतो.

अर्धवटराव_एमएस्सी: काका, बघायचा नाहीये हो.

मावळती: खोडदच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रात २८ फेब्रुवारीच्या सुमारास लोकांना आत सोडतात, तिथे विचार. नारायणगावहून गाडी मिळते का कुणाला माहीत आहे?

सुतारपक्षी: एआर स्कॉर्पी विसरू नकोस. २०१६ मध्ये कळलं, ११७ सेकंदांत फिरणारा श्वेतबटू, स्पंदकासारखा (ठरावीक काळाने झोत फेकणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यासारखा) वागतो.

तिरपागडा: ११७ सेकंद! सात कुठे नि ११७ कुठे! आणि शेजारी लाल बटू (लहान, थंड तारा) आहे, त्याच्यावर झोत आदळून चमक येते. २२५९ ला जोडीदार सापडलेलाच नाही.

अर्धवटराव_एमएस्सी: म्हणजे स्लाइडवर काय लिहू?

तिरपागडा: दोन्ही ऊर्जा शेजारी मांड, खाली सीटीबी १०९. गाइड विचारतीलच. ते कुणाच्या बाजूचे आहेत?