दावा मिटला तरी कोर्टाच्या ईकोर्ट्स साइटवर नाव दिसतंय, काय करावं?

साखरपेठकर:
जुळे सोलापुरात भाड्यानं घर बघतोय. परवा एका मालकानं आधार कार्डाचा फोटो घेतला आणि संध्याकाळी फोन, तुमच्यावर कोर्टात केस हाय, दुसरीकडं बघा. अहो ती केस म्हंजे लॉकडाऊनमधी कारखाना बंद होता तेव्हा भाडं थकलं म्हणून जुन्या मालकानं घातलेला घर खाली करायचा दावा, पुढं तडजोड झाली, पै न पै भरली, विषय संपला. पण नाव टाकलं की येतंयच. काढता येतं का ते?

पांढरी_टोपी:
साइटवरनं असं सहजासहजी निघत नाही. लोकांची खासगी माहिती जपायच्या २०२३ च्या डेटा कायद्यात कोर्टाच्या कामकाजाला बरीच सूट हाय. हायकोर्टात अर्ज करून काहींनी नावं झाकून घेतलीत, पण भाड्याच्या दाव्यासाठी तेवढा खर्च परवडतोय का बघा. आधी तडजोडीच्या हुकुमाची सर्टिफाईड नक्कल काढून जवळ ठेवा.

अशोकचौक_७७:
मी उलट्या बाजूचा. आमच्या वाड्याच्या मालकानं "मला स्वतःला राहायला पाहिजे" म्हणून एकेका भाडेकरूवर वेगवेगळा दावा लावला होता. त्याच्या नावानं शोधलं म्हणून तर कळलं, आणि वकिलानं ते सगळे दावे कोर्टापुढं ठेवले. रेकॉर्ड झाकलं असतं तर आम्ही रस्त्यावर असतो. कोर्ट उघडंच पाहिजे, सुप्रीम कोर्टानं १९६६ ला मिरजकर केसमधी सांगितलंय.

विजापूररोड:
कोर्ट उघडं पाहिजे हे बरोबरच, पण पूर्वी रेकॉर्ड बघायला कोर्टात जाऊन अर्ज करावा लागायचा, आता कुणीही बसल्या जागी नाव टाकतंय आणि फक्त "दावा होता" एवढंच वाचून माणसाला दारातनं परत पाठवतंय. आपल्या १९९९ च्या भाडे कायद्यात समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के व्याजानं आणि दाव्याच्या खर्चासकट भरली, तर थकबाकीसाठी घर खाली करायचा हुकूम होत नाही. कायदा माणसाला सावरायची संधी देतोय आणि साइटवर मात्र ते नाव तसंच! कॅलिफोर्नियात असले दावे सुरुवातीला झाकलेलेच असतात, साधारण ६० दिवसांत मालक जिंकला तरच सगळ्यांना दिसतात. मला ते पटतं. पण मालकाच्या नावानं शोधणं बंद करू नये, अशोकचौक म्हणतायत ते खरंय.

साखरपेठकर:
सोमवारी नकलेचा अर्ज टाकतो. मालकाचं नाव टाकून बघायचं सुचलंच नव्हतं, आता ॲडव्हान्स द्यायच्या आधी बघतो.