व्हिस्कॉसिटीला 'चिकटपणा' म्हणावं का? (जेल मोजण्याच्या संदर्भात)

महालवाली:
अकरावी-बारावीच्या पोरांसाठी मायक्रोरिऑलॉजीवर लिहून राहिली आहे. म्हणजे अ‍ॅक्टिन, कोलॅजन, फायब्रिन असल्या जैविक पॉलिमरच्या (लांब साखळीसारख्या रेणूंच्या) जेलमध्ये बारीक मणी सोडायचे, ते कसे हलतात ते मायक्रोस्कोपखाली बघायचं आणि त्यावरून जेल किती वाहतं, किती ताठ आहे ते काढायचं. व्हिस्कॉसिटीला 'चिकटपणा' लिहिलं तर चालेल का? पुस्तकातला शब्द 'श्यानता' दिसला की पोरं पान पलटवतात.

धरमपेठकर:
ताई, इथं तरी नका लिहू. या प्रयोगात खरंखुरं चिकटणं ही वेगळीच भानगड आहे. मणी साधारण १ मायक्रॉनचा (मिलिमीटरचा हजारावा भाग), बहुतेक वेळा पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचा, त्याला जेलचे धागे चिकटले की तो बांधला जातो आणि आकडे बिघडतात, म्हणून त्यावर आधी पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल) नाहीतर अल्ब्युमिन या प्रथिनाचा थर देतात. आता हे वाक्य बघा, 'मण्याचा चिकटपणा घालवला की जेलचा चिकटपणा नीट मोजता येतो'. पोरगं यातून काय समजेल?

इतवारीवाला:
मग 'दाटपणा' घ्या न. जवस भिजवल्यावर जी लस सुटते तिला आमच्या घरी दाटच म्हणतात.

धरमपेठकर:
भाऊ, जवसाचं उदाहरण एकदम बरोबर, तीही पॉलिमरचीच लस. पण चमच्यानं उचलली तर ती ओघळते पण आणि तार होऊन मागं पण ओढली जाते. ओघळणं श्यानतेकडे, मागं ओढणं स्थितिस्थापकतेकडे म्हणजे इलॅस्टिसिटीकडे, आणि 'दाट'मध्ये दोन्ही एकत्र होऊन जातात. मण्याच्या हालचालीत मात्र ते वेगळे दिसतात. साध्या पाण्यात १ मायक्रॉनचा मणी एका सेकंदात एका दिशेनं जवळपास १ मायक्रॉन भटकतो आणि विस्थापनाच्या वर्गाची सरासरी वेळेच्या प्रमाणात वाढतच जाते, हे आइन्स्टाइनचं १९०५ चं गणित. जेलमध्ये मणी जाळीच्या छिद्रापेक्षा मोठा असला तर थोडा हलून अडकतो, या सरासरीचा वेळेसोबतचा आलेख वर जाता जाता सपाट होतो, आणि तो जितका खाली सपाट होईल तितकं जेल ताठ. या एकाच आलेखातून दोन्ही गुण काढायची रीत मेसन आणि वाइट्झ या शास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये दाखवली. म्हणून शब्द दोन पाहिजेत, माझं मत 'श्यानता'च, पहिल्यांदा येईल तिथं 'वाहायला होणारा विरोध' असं लिहून टाका.

महालवाली:
पटलं. आणि ट्रेसरला, म्हणजे जेलमध्ये सोडायच्या त्या कणाला, 'शोधक कण'?

इतवारीवाला:
शोध तर आपण घेऊन राहिलो, तो बिचारा नुसता धक्के खाते. 'मणी' म्हणा, चित्र लगेच डोळ्यासमोर येते.

धरमपेठकर:
मण्याला माझंही मत. फक्त इलॅस्टिसिटीला 'लवचीकपणा' लिहू नका हो, हे फार महत्त्वाचं आहे. लवचीक म्हणजे पटकन वाकणारं असं आपल्या डोक्यात असतं, आणि इथं मॉड्युलस (इलॅस्टिसिटीचा आकडा) जास्त म्हणजे जेल वाकायला कठीण, म्हणजे अर्थ बरोब्बर उलटा होतो. आकडा सांगताना 'ताठपणा' लिहा, गुणधर्माचं नाव म्हणून 'स्थितिस्थापकता' ठेवा.