मदत हवी आहे: बहिणीला ताकायासू, लायपोप्रोटीन(ए) १४२

थोरली: धाकट्या बहिणीला ताकायासू (धमन्यांना सूज येण्याचा आजार) आहे, तिचा रिपोर्ट आलाय, लायपोप्रोटीन(ए) (रक्तातला कोलेस्टेरॉल वाहणारा कण) १४२. डॉक्टर म्हणाले आनुवंशिक असतं, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) लिहून दिलं, संपलं. हे आजारामुळे वाढलंय की घरातून आलंय? मामाला ४२ व्या वर्षी अटॅक आला होता. मीही तपासू का? प्लीज लवकर सांगा.

कोरा_कागद: १४२ काय, मिलिग्रॅम की नॅनोमोल? ५० मिलिग्रॅम किंवा १२५ नॅनोमोलच्या वर गेलं की जास्त धरतात. वय, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्तचाचणी) काहीच लिहिलं नाहीत.

सांजवारा: तळलेलं बंद आणि रोज पाऊण तास चालणं. माझं कोलेस्टेरॉल तीन महिन्यांत उतरलं.

कोरा_कागद: सांजवारा, तुमचं एलडीएल उतरलं असेल. लायपोप्रोटीन(ए) एलपीए जनुकावर ठरतं, पथ्याने फारसं हलत नाही. स्टॅटिननेही नाही.

सांजवारा: मग स्टॅटिन कशाला? उगाच गोळ्या.

पानगळ: उगाच कसं? एक धोका हातात नाही म्हणून तर एलडीएल आणि बीपी आणखी खाली ठेवायचं. मला ताकायासू होऊन ११ वर्षं झाली. धमनीला सूज, त्यात स्टेरॉइडने चरबी वाढते. आणि बीपी दोन्ही हातांना बघा. माझ्या डाव्या हाताला नाडी लागत नाही, तिथे बीपी खोटं कमी येतं. दोन वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

थोरली: बीपीचं नाही हो विचारलं. वय ३१, आकडा नॅनोमोलमध्ये. एलडीएल १६८, सीआरपी तेव्हा ४१.

कोरा_कागद: ४१? मग सूज जोरात होती. इंटरल्युकिन-६ (सूज वाढवणारं प्रथिन) वाढलं की यकृत लायपोप्रोटीन(ए) जास्त बनवतं, म्हणजे मूळ घरचं आणि वर थोडी आजाराची भर, असं असू शकतं. इंटरल्युकिन-६ चं काम अडवणारं औषध, टोसिलिझुमॅब, चालू आहे?

थोरली: हो, रिपोर्टनंतर सुरू झालं. लिहायचं राहिलं.

कोरा_कागद: हेच महत्त्वाचं होतं. त्याने लायपोप्रोटीन(ए) उतरतं आणि एलडीएल चढतं. पुढचा रिपोर्ट दाखवताना औषधाची तारीखही सांगा. तुम्ही आणि आई दोघींनी तपासा. वाढलेलं निघालं तर घरातून आलंय हे जवळपास पक्कं, तुमचं नॉर्मल आलं म्हणून तिचं नाही असं मात्र नाही.

पानगळ: बहिणीला मूल हवंय का? स्टॅटिन चालू असताना दिवस राहण्याआधी डॉक्टरांशी बोलावं लागतं.

थोरली: त्यांचं तेच चाललंय. गोळी आठवड्यापासून घेतेय, हे कुणी विचारलंच नाही. तिला आत्ताच फोन करते.