ज्येष्ठांची सहल: विमानाने स्वित्झर्लंड की रेल्वेने केरळ?

सुदामानगरकर (प्रश्न; खाली इतर वाचकांची उत्तरे त्यांच्या टोपणनावांनी)

इंदूरच्या सुदामानगर भागात आम्हा निवृत्त मराठी मंडळींचा चोवीस जणांचा एक गट आहे. दर वर्षी आम्ही एकत्र सहलीला जातो. तिकिटे, हॉटेले, कोणाला कोणते पथ्य आणि कोणाच्या गोळ्या कधी, हा सारा व्याप गेली सहा वर्षे माझ्याकडे आहे. आजवर मांडू, पचमढी, हंपी आणि एकदा कोकण एवढे आम्ही पाहिले. या वर्षी मात्र बहुसंख्य सदस्यांनी मे महिन्यात दहा दिवस स्वित्झर्लंडला जाण्याचा आग्रह धरला आहे. उरलेल्यांचा कल केरळकडे आहे.

बैठकीत दोन्ही बाजू खर्चावर वाद घालत असताना वनस्पतिशास्त्राच्या एक निवृत्त प्राध्यापिका म्हणाल्या, "ज्या हिमनद्या पाहायला जायचे, त्या वितळवण्याचे काम आपण जाता जाताच करणार. मी येणार नाही." कोणी तरी हसण्यावारी नेले, पण त्यानंतर बैठकीचा रंग उतरला तो उतरलाच. सहल आखणारा मी असल्यामुळे तो प्रश्न आता माझ्या गळ्यात पडला आहे.

मी स्वतः आयुष्यात एकदाच विमानात बसलो आहे. आमच्यातील निम्म्या लोकांनी तर विमान आतून पाहिलेलेही नाही. अशा माणसांना सत्तरीच्या उंबरठ्यावर "तुम्ही जाऊ नका" असे सांगण्याचा अधिकार मला आहे काय? आणि सांगितले नाही, तर जे कळले आहे त्याकडे डोळेझाक केली असे होईल काय? थोडे जादा पैसे भरले की तेवढ्या प्रदूषणाची भरपाई झाडे लावून केली जाते, असेही आमच्या एजंटाने सुचवले आहे. मला उपदेश नको, हिशेब हवा आहे.

पाताळपाणी

हिशेबच मांडतो. माझी सारी नोकरी यंत्रांसोबत गेली, त्यामुळे मला तेवढेच येते.

एक किलो विमानइंधन जळले की ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. इंधनातील कार्बनशी हवेतील प्राणवायू जोडला जात असल्यामुळे उत्सर्जनाचे वजन इंधनापेक्षा जास्त भरते. इंदूरहून मुंबई किंवा दिल्लीमार्गे झ्युरिक आणि परत, हे अंतर जवळपास चौदा हजार किलोमीटर होते. साध्या वर्गात बसणाऱ्या प्रवाशाच्या वाट्याला त्यासाठी सव्वातीनशे किलोच्या आसपास इंधन, म्हणजे सुमारे एक टन कार्बन डायऑक्साइड येतो. विमान किती भरलेले आहे आणि कोणत्या जातीचे आहे यावर हा आकडा वरखाली होईल, पण अंदाज म्हणून तो धरून चालावा.

टन म्हणजे किती हे डोळ्यांपुढे येत नाही, म्हणून घरातले माप घेऊ. स्वयंपाकाच्या गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर पूर्ण जळला की बेचाळीस किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एक टन म्हणजे असे चोवीस सिलिंडर. आपल्यासारख्या दोन माणसांच्या घरात एक सिलिंडर दीड-दोन महिने पुरतो असे मानले, तर दहा दिवसांच्या सहलीत प्रत्येक जण तीन-चार वर्षांच्या स्वयंपाकाइतका कार्बन खर्च करून येईल. भारतात दरडोई वार्षिक उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे, म्हणजे ही एक सहल त्याच्या निम्म्याने भरते.

कार्बनवर हिशेब संपत नाही, आणि मला हा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. संध्याकाळी आकाशात विमानामागे जी पांढरी रेघ दिसते ती धुराची नसते. एंजिनातून निघालेली वाफ काजळीच्या सूक्ष्म कणांवर गोठते आणि बर्फाचे स्फटिक तयार होतात. उंचावरची हवा कोरडी असेल तर रेघ मिनिटाभरात विरते. हवा अतिथंड आणि दमट असेल तर ती पसरते, पातळ ढगासारखी तासन्‌तास राहते आणि पृथ्वीवरून बाहेर जाणारी उष्णता अडवते. दिवसा तोच ढग थोडे ऊन परतही पाठवतो, पण रात्री ते काम उरत नाही, म्हणून रात्रीची उड्डाणे या बाबतीत अधिक जाचक ठरतात. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात विमानांचा वाटा अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. या रेघा आणि नायट्रोजनची ऑक्साइडे धरली तर तापमानवाढीतील त्यांचा वाटा साडेतीन टक्क्यांच्या घरात जातो. यातला रेघांचा आकडा अजून बराच ढोबळ आहे. समाधानाची बाब एवढीच, की बरीचशी हानी थोड्याच उड्डाणांमुळे होते, आणि त्यांची उंची थोडी बदलली तर ती टाळता येण्याजोगी आहे. त्यावर प्रयोग चालू आहेत.

झाडांच्या भरपाईवर माझा विश्वास नाही. विमान कार्बन आज सोडते, रोप तो तीस-चाळीस वर्षांत शोषणार, आणि मधल्या काळात ते वाळले, तोडले गेले किंवा वणव्यात जळले तर जबाबदार कोणीच नाही. पैसे द्यायचे तर देणगी म्हणून द्यावेत. पावती मिळाली म्हणून हिशेब मिटला असे मानू नये.

छप्पनचा कोपरा

मी सहलींच्याच धंद्यात आहे, त्यामुळे माझे म्हणणे पक्षपाती वाटले तर तसे समजण्यास हरकत नाही.

वरचा हिशेब मला मान्य आहे, पण तो चुकीच्या माणसापुढे ठेवला गेला आहे. २०१८ साली जगातील जेमतेम ११ टक्के लोक विमानात बसले, आणि प्रवासी विमानांच्या उत्सर्जनातील निम्मा भार अवघ्या १ टक्का लोकांमुळे झाला, असा संशोधकांचा अंदाज आहे. ज्या गृहस्थांनी चाळीस वर्षे स्कूटरवर नोकरी केली, दिवाळीला रेल्वेने गावी गेले आणि उन्हाळा वाळ्याच्या कूलरवर काढला, त्यांनी आयुष्यात एकदा आल्प्स पाहिला तर त्यांच्या आयुष्याची एकूण बेरीज युरोपातील सामान्य माणसाच्या निम्मीही होणार नाही. दर आठवड्याला बैठकीसाठी विमानाने जाणारा, पुढच्या रुंद खुर्चीत पाय पसरून तीन माणसांची जागा व्यापणारा माणूस मात्र असा धागा कधीच सुरू करत नाही. लाज वाटायचीच असेल तर ती खेपांच्या संख्येप्रमाणे वाटावी.

स्वीडनमध्ये २०१८ च्या सुमारास 'उडण्याची लाज' या अर्थाचा एक शब्दच रूढ झाला. ज्या देशात सुटीसाठी उडणे ही सवय होऊन बसली होती, तिथे तो योग्य असेल. आपल्याकडे अनेकांना पहिलीच खेप आता कुठे परवडू लागली आहे. सहलीवर हॉटेलातील पोरे, टॅक्सीवाले, वाटाडे यांची पोटे चालतात, हेही बैठकीत कोणी तरी बोलावयास हवे होते.

राजेंद्रनगरची

काका, तुम्ही "मला अधिकार आहे काय" असे विचारले आहे. मला वाटते, कोणी जाऊ नये असे सांगण्याचा अधिकार तुम्हाला नाही. पण सहल कोणती आखायची हे ठरवण्याचा आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पाताळपाणी काकांचे माप प्रत्येक सदस्याच्या हाती द्यावे आणि मग हात वर करायला सांगावे.

छप्पनच्या कोपऱ्यावरील दादांशी मी अर्धी सहमत आहे. त्या एक टक्क्याकडून जास्त वसूल झालेच पाहिजे. वर्षातील पहिल्या खेपेला कर नाही आणि पुढच्या प्रत्येक खेपेला चढता कर, ही कल्पना मला न्याय्य वाटते. १९४४ च्या विमानवाहतुकीविषयीच्या शिकागो करारापासून चालत आलेल्या पद्धतीमुळे आंतरराष्ट्रीय उड्डाणांच्या इंधनावर बहुतेक देश आजही कर लावत नाहीत. माझ्या स्कूटरच्या पेट्रोलवर कर आहे आणि झ्युरिकच्या विमानाच्या इंधनावर नाही, हे मला समजून घ्यायला बरेच दिवस लागले. मात्र "दुसरा माझ्यापेक्षा जास्त करतो" या युक्तिवादाने माझा टन शून्य होत नाही. तसा तो होत असेल, तर नळ उघडा ठेवणाऱ्या प्रत्येकालाही शेजारी दाखवता येईल.

"विमान तर जाणारच आहे, आपण बसलो काय अन् न बसलो काय" असेही आमच्या घरी म्हणतात. विमान रिकामे गेले असते तर ते फार दिवस गेले नसते. जुलै २०१९ मध्ये इंदूरहून दुबईचे पहिले आंतरराष्ट्रीय उड्डाण सुरू झाले, ते प्रवासी मिळतील या भरवशावरच. चोवीस जागा म्हणजे त्या भरवशातला लहानसा पण खरा हिस्सा आहे.

एक फरक मात्र मी मनात पक्का केला आहे. माझी बहीण अमेरिकेत आहे आणि तिच्या बाळंतपणाला आई विमानानेच गेली; त्याबद्दल मला काडीचाही संकोच वाटत नाही, कारण तिथे आईऐवजी दुसरे कोणी चालले नसते. सुटीचे तसे नसते. हिमनदीऐवजी मुन्नारची टेकडी चालू शकते, निदान चालते का ते पाहता येते. स्वित्झर्लंडच्या हिमनद्यांनी २०२२ आणि २०२३ या दोनच वर्षांत आपले सुमारे दहा टक्के घनफळ गमावले. "संपण्याआधी पाहून घेऊ" म्हणून होणारी गर्दी त्यानंतरच वाढावी, यात मला काही तरी विपरीत वाटते.

खंडवा लाइन

भविष्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून थोडे लिहितो.

पुढच्या दहा वर्षांत विमाने स्वच्छ होतील या आशेवर आज तिकीट काढू नये. एक किलो विमानइंधनात सुमारे १२,००० वॉट-तास ऊर्जा असते आणि आजच्या चांगल्या बॅटरीत किलोमागे अडीचशे-तीनशे. विजेची एंजिने अधिक कार्यक्षम असतात हे धरूनही दरी बुजत नाही. झ्युरिकपर्यंत जाणारे विमान बॅटरी वाहून नेण्यातच थकेल. हायड्रोजनवरील विमान २०३५ पर्यंत आणण्याचा, विमाने बनवणाऱ्या एअरबस कंपनीचा बेत २०२५ मध्ये पुढे ढकलला गेला. राहिले ते वापरलेले तेल, शेतातील अवशेष किंवा अल्कोहोलपासून बनवलेले इंधन. आपल्याकडे ऑगस्ट २०१८ मध्ये जट्रोफा या झुडपाच्या बियांच्या तेलाचे मिश्रण भरून डेहराडूनहून दिल्लीला विमान गेले, आणि मे २०२३ मध्ये देशी बनावटीच्या अशा इंधनाच्या मिश्रणावर पुण्याहून दिल्लीला प्रवासी विमान गेले. तंत्र सिद्ध आहे, प्रश्न प्रमाणाचा आहे. २०२४ साली जगातील विमानइंधनात त्याचा वाटा ०.३ टक्क्यांच्या आसपास होता. भारताने आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी २०२७ मध्ये १ टक्का आणि २०२८ मध्ये २ टक्के असे लक्ष्य ठेवले आहे. सराफ्यातील खाऊच्या ठेल्यांवरील कढयांचे सारे तेल गोळा केले तरी ते किती उड्डाणांना पुरेल, याचा विचार इंदूरकरांनी अवश्य करावा. (कचऱ्यापासून गॅस काढून शहरातल्या बसगाड्या चालवता येतात हे आपण दाखवले आहेच, पण बस जमिनीवर चालते.)

म्हणून माझी नजर रेल्वेवर आहे. फ्रान्सने २०२१ मध्ये कायदा केला आणि २०२३ मध्ये तो लागू केला, की जिथे रेल्वेने अडीच तासांत पोहोचता येते तिथे विमान नको. प्रत्यक्षात त्यात पॅरिसच्या ओर्ली विमानतळावरून नांत, लियाँ आणि बोर्दो एवढेच मार्ग आले. आपल्याकडे तसा कायदा केला तर तो लावायचा कुठे, हा प्रश्न पडेल. इंदूरहून मुंबईला जायचे तर अवंतिका एक्स्प्रेसची अख्खी रात्र लागते. नाशिककडे जायचे तर बहुतेकांच्या नशिबी रात्रीची बस. १८७० साली तुकोजीराव होळकरांनी खंडव्याहून इंदूरला रेल्वे यावी म्हणून इंग्रज सरकारला १ कोटी रुपये साडेचार टक्के व्याजाने, १०१ वर्षांच्या मुदतीवर कर्जाऊ दिले होते. आपल्या शहराने रेल्वेसाठी शंभर वर्षांपुढचा विचार एकदा केलेला आहे. इंदूर–मनमाड या ३०९ किलोमीटरच्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, अंदाजे खर्च १८,०३६ कोटी. तो झाला की इंदूरच्या मराठी माणसाचे महाराष्ट्राकडे जाणे-येणे बदलेल, आणि मुंबईच्या विमानात बसण्याचे एक कारण कमी होईल.

रेल्वेला दोष देण्यासारखेही पुष्कळ आहे. ज्येष्ठांना भाड्यात पुरुषांना ४० आणि स्त्रियांना ५० टक्के सवलत होती, ती मार्च २०२० मध्ये थांबवली गेली. माणसांना विमानाकडून रेल्वेकडे वळवायचे असेल, तर आधी ही सवलत परत आली पाहिजे.

सुदामानगरकर

सर्वांचे आभार. काल बैठक झाली. चोवीस सिलिंडरांचा हिशेब मी फळ्यावर लिहिला आणि कोणालाही काही सुचवले नाही. पहिला प्रश्न आला तो असा, की बिझनेस क्लासने गेल्यास किती सिलिंडर. तीनपट तरी धरा, असे मी सांगितले.

सात जण स्वित्झर्लंडला जाणारच आहेत. ते एजंटाकडून स्वतंत्रपणे जातील आणि त्यांच्याविषयी गटात कोणी टोमणे मारायचे नाहीत असे ठरले. त्यातील एका काकूंचे यजमान गेल्या वर्षी वारले. आल्प्स पाहायचे हे त्या दोघांचे ठरले होते. त्यांच्यापुढे फळा घेऊन उभे राहणे मला जमले नसते, आणि जमायला हवे होते असेही वाटत नाही.

उरलेले सतरा जण केरळला जाऊ. जाताना इंदूरहून थेट अहिल्यानगरी एक्स्प्रेस. येताना दोघांच्या गुडघ्यांमुळे त्यांच्यापुरते विमान, बाकीचे रेल्वेने. प्राध्यापिका बाई येणार आहेत आणि वाटेतील झाडे ओळखण्याचा तास घेणार असल्याचे त्यांनी जाहीर केले आहे. काहींनी त्याचीही धास्ती घेतली आहे. आरक्षण साठ दिवस आधी उघडते. सतरा ज्येष्ठ आणि प्रत्येकाला खालचा बर्थ हवा, हे थर्ड एसीत कसे बसवायचे याचा अनुभव कोणाला असेल तर जरूर लिहावे.